दगडाच्या खोल्या

शेणाच्या ढिगावर आधी चुना टाकला, ती चूक माझी.
शिंपल्यांचा चुना, भट्टीतून आणून विरवलेला.
वाटलं, भिंतीला चालतो, विहिरीला चालतो,
तर शेणाला का नाही.
दुसऱ्या सकाळी डोळे चुरचुरले,
पाडी नाक वर करून उभी,
आणि कुंपणापलीकडून इश्पेरांसबाय :
"उल्हास, म्हज्या कपड्यांक तुज्या गोठ्याचो वास येता.
आयतारा हांव मिसाक कशी वचूं?"

पंचायतीत अर्ज गेला.
सचिवाने मलाच वाचून दाखवला,
त्यात दोनदा दुर्गंधी, एकदा शेजारधर्म.

मग सांग्याहून स्कूटरवर आली
शेतकी खात्याची सुलक्षा वेळीप.
बांगड्या मागे सारून तिने कोपरापर्यंत हात
घातला ढिगात,
तशीच उभी राहिली थोडा वेळ, ताप बघावा तशी.
म्हणाली, "वास म्हणजे जे उडून चाललंय ते.
तुमच्या माडाचं जेवण आहे हे, काका,
ते बायच्या फ्रॉकवर जाऊन बसलंय.
चुन्याने त्याला पंख फुटले."

माडाचं जेवण.
मी अकरा वर्षं टिपर चालवला,
रिवणच्या खाणीवरून सावर्ड्याच्या धक्क्यापर्यंत,
दिवसाला सात खेपा, कधी आठ,
जेवण-बिवण असं काही
दगडमातीत असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने डिकीतून पिशवी काढली. आत करडी भुकटी.
"हाही दगडच. पण आत खोल्या आहेत याच्या,
डोळ्यांना न दिसणाऱ्या, रिकाम्या."
मला कळंगुटचा साडू आठवला,
एका घराच्या चौदा खोल्या केल्या त्याने,
जो येईल त्याला ठेवून घेतो,
सीझन संपेपर्यंत सोडत नाही.
"तसंच," ती हसली, "तसंच धरून ठेवतो हा.
पुढे मुळं येतात, हळूहळू खोली रिकामी करून घेतात."

पिशवी एकच. किंमत ऐकून मी दुसरी मागितली नाही.
बाकीचं तिनेच सुचवलं :
क्रशरवरची काळ्या दगडाची पूड, फुकट,
तळीच्या तळाची चिकणमाती,
चुलीतला कोळसा कुटून.
थर लावले मी. शेण, पेंढा, पोफळीच्या विऱ्या चिरून,
वर ही मूठमूठ पूड,
पुन्हा शेण.
बायको म्हणाली, बेबिंका करतोस की काय.

चौथ्या दिवशी लोखंडी सळी खुपसून बाहेर काढली,
हाताला धरवेना.
पहाटे ढिगावरून वाफ निघत होती,
मी नाक पुढे करून उभा राहिलो
वेड्यासारखा, वाफेत,
आणि वास आला तो ओल्या पाचोळ्याचा.
पूर्ण गेला नव्हता दुसरा वास, खोटं कशाला बोलू.
वारा दक्षिणेकडून असला की अजून थोडा येतो.

दोन वेळा ढीग उलटला. तिसऱ्या वेळी
फावड्याला गांडुळं लागली,
कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

इश्पेरांसबायला एक गोणी नेऊन दिली, तिच्या मिरच्यांना.
तिने मूठ उचलून नाकाशी नेली,
माझ्याकडे बघितलं, परत नाकाशी नेली.
अर्जाचं काही बोलली नाही.
मीही नाही.

तिच्या अंगणातून परतताना पाय अडला.
अकरा वर्षं मी हा डोंगर
घमेल्याघमेल्याने बोटीत नेऊन ओतला,
कुठल्या देशाच्या, तेही विचारलं नाही.
आता चार घमेली पूड आत आणतो,
त्याने काय भरून निघणार आहे?
काहीच नाही. माड सोळा आहेत माझे.

उरलेला चुना पडवीत तसाच होता, डब्यात, झाकण लावून.
मे महिन्यात बाय स्वतः आली न्यायला,
खुरसाचं फेस्त होतं तिच्या दारात,
खुरीस पांढरा करायचा होता.
"चुनो चांगलो मरे तुजो," म्हणाली,
"शेणांत कित्याक घालो?"